उष्ण प्रदेशातली शैक्षणिक सहल: विद्यार्थ्यांची तयारी कशी करून घ्यावी

उष्ण प्रदेशातल्या सहलीची तयारी बहुतेक वेळा सामानाच्या यादीने सुरू होते: टोपी, गॉगल, पाण्याची बाटली, सनस्क्रीन. यादी लागतेच. पण ज्या मुलाला ऊन बाधतं त्याच्या पाठीवरच्या पिशवीत अनेकदा टोपीही असते आणि पाणीही असतं. भर दुपारी उघड्यावर नेणारं वेळापत्रक आणि ‘माझं डोकं दुखतंय’ हे चारचौघांत सांगायला लाजणारं मूल, या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्रास होतो. म्हणून सहलीच्या तयारीतला सर्वांत जास्त वेळ मी या दोन गोष्टींना देते. सामान त्यानंतर.

लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा उष्णता कमी सहन करतं, असं पूर्वी सरसकट मानलं जायचं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये ही भूमिका बदलली. निरोगी मूल पुरेसं पाणी पीत असेल तर उन्हात त्याचं शरीर मोठ्यांइतकंच बरं काम करतं. त्रास होतो तो अति श्रमाने, अपुऱ्या विश्रांतीने, पाणी कमी पडल्याने आणि चुकीच्या कपड्यांनी. ही सगळी कारणं मोठ्यांच्या हातातली आहेत. याचा मला फार दिलासा वाटतो, आणि जबाबदारीही त्यामुळेच वाढते.

सहा ते आठ आठवडे आधी: वेळापत्रक उन्हाभोवती बांधा

ठिकाण ठरलं की त्या महिन्यातलं तिथलं कमाल तापमान आणि आर्द्रता दोन्ही पाहा. नुसत्या तापमानावर विसंबू नका. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेवरची सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हवेत बाष्प जास्त असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि शरीर तापतच राहतं. म्हणून दमट हवेतले ३३ अंश सेल्सियस कोरड्या हवेतल्या ३८ अंशांपेक्षा जड जाऊ शकतात. तापमान आणि आर्द्रता एकत्र करून काढलेला ‘उष्णता निर्देशांक’ हवामानाच्या अंदाजात बघायला मिळतो. पण तो सावलीसाठी काढलेला असतो. थेट उन्हात त्याहून सुमारे ८ अंश सेल्सियसपर्यंत जास्त जाणवू शकतं.

मग दिवस आखायला घ्या. चालणं, चढणं, उघड्यावरची पाहणी हे सगळं सकाळी लवकर. सूर्याची अतिनील किरणं साधारण दहा ते चार या वेळेत सर्वांत तीव्र असतात. त्या वेळेत संग्रहालय, प्रयोगशाळा, वाचनालय किंवा मुक्कामाच्या जागी वह्या पूर्ण करण्याचं काम ठेवा. संध्याकाळी पुन्हा थोडं बाहेर. दोन ठिकाणांमध्ये अंतर किती यापेक्षा त्या अंतरावर सावली कुठे आहे, पाणी कुठे भरता येईल आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारा. स्वच्छतागृहाची सोय नसेल तर मुलं, विशेषतः मुली, मुद्दाम पाणी पीत नाहीत. ही गोष्ट आखणीतून सर्रास सुटते, म्हणून ती कागदावर वेगळ्या रकान्यात लिहा.

पहिला दिवस हलका ठेवा. प्रवासाचा शीण, अपुरी झोप आणि नवी हवा एकत्र आल्यावर लगेच मोठा कार्यक्रम नको. प्रत्येक बाहेरच्या कार्यक्रमाला एक छपराखालचा पर्याय आधीच ठरवून ठेवा आणि तो कोण जाहीर करणार हेही ठरवा. सगळे उत्साहात असताना ‘आज बाहेर जायचं नाही’ म्हणणं अवघड असतं. हा अधिकार एका शिक्षकाकडे असला आणि त्यावर वाद घालायचा नाही हे सगळ्यांनी मान्य केलं असलं, तर निर्णय वेळेवर होतो.

मोठ्या माणसांची संख्या ठरवताना एक जण मोकळा धरा. एखाद्या मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं तर त्याच्यासोबत एक मोठं माणूस जाईल. मागे उरलेल्या मुलांकडे लक्ष द्यायला माणसं पुरली पाहिजेत.

सहल परदेशात असेल तर पासपोर्टची मुदत पाहा. अनेक देश प्रवेशाच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट मागतात. लसींसाठी निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटायला हवं. काही ठिकाणी पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचा दाखला लागतो. पहिल्यांदा लस घेतल्यावर तो दहा दिवसांनी ग्राह्य होतो, आणि जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो.

आरोग्याची माहिती: ‘काही आजार आहे का?’ एवढं विचारून भागत नाही

संमतीपत्राच्या खाली ‘पाल्यास काही आजार आहे का’ असा एक प्रश्न असतो आणि बहुतेक पालक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारा. याआधी कधी उन्हात चक्कर आली होती का? दमा, मधुमेह, फिट, हृदयाचा त्रास? कशाची अ‍ॅलर्जी? सध्या रोज कोणती औषधं चालू आहेत? गेल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले होते का? हा शेवटचा प्रश्न निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारायचा आहे, कारण नुकत्याच आजारातून उठलेल्या मुलाला ऊन लवकर बाधतं.

औषधांकडे लक्ष द्या. सर्दी-अ‍ॅलर्जीवरची काही औषधं घाम येणं कमी करतात किंवा झोप आणतात. अवधान कमी असलेल्या मुलांना दिली जाणारी उत्तेजक औषधं आणि नैराश्यावरची काही औषधं यांनीही शरीराचं तापमान-नियंत्रण बिघडू शकतं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांची त्वचा उन्हात पटकन भाजते. याचा अर्थ औषध बंद करायचं असा मुळीच नाही. पालकांनी डॉक्टरांना ‘आम्ही उष्ण ठिकाणी जातोय’ एवढं सांगून सल्ला घ्यायचा आणि तो लिहून शिक्षकांना द्यायचा.

औषधांनाही ऊन लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि ते गोठलं तरी वाया जातं. म्हणून ते बर्फाला थेट टेकवू नका आणि विमानात सामानाच्या कप्प्यात टाकू नका. दम्याचा पंप तापलेल्या गाडीत राहिला तर दाबाखालचा डबा फुटू शकतो. तीव्र अ‍ॅलर्जीसाठीचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन साधारण २० ते २५ अंशांत ठेवायचं. ते फ्रिजमध्येही ठेवायचं नसतं. ही तिन्ही औषधं बसमध्ये ठेवून उतरायचं नाही. पंप आणि इंजेक्शन तर मुलाजवळ किंवा त्याच्या गटाच्या शिक्षकांजवळ, हाताशीच हवं.

ही माहिती ज्यांना लागेल त्याच मोठ्यांना द्या. सगळ्या वर्गासमोर यादी वाचली की पुढच्या वेळी मूल आणि पालक दोघंही गप्प बसतात.

दोन आठवडे आधी: शरीराला सवय

उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. यातला बराचसा फायदा पहिल्या आठवड्यातच मिळतो. त्यासाठी रोज थोडा वेळ बाहेर, ऊबदार हवेत भरभर चालणं किंवा खेळणं पुरतं. पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करा, हळूहळू तासाभरापर्यंत न्या. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या मुलाला ही सवय होत नाही, हे पालकांना सांगा.

तुम्ही राहता तिथे थंडी असेल तर ही तयारी अपुरीच राहणार. तरी रोजच्या चालण्याने दम वाढतो, त्याचा उपयोग होतो. उरलेली कसर सहलीचे पहिले तीन-चार दिवस हलके ठेवून भरून काढायची. सहलच तीन दिवसांची असेल तर संपूर्ण सहल ‘सवय नसलेल्या मुलांची’ समजूनच आखायला हवी.

याच दोन आठवड्यांत नवे बूट पायांत घालून मुरवून घ्या. गरम हवेत पाय सुजतात, घामाने मोजे ओले होतात आणि कोऱ्या बुटांनी फोड येतात.

मुलांना काय शिकवायचं

पाण्यापासून सुरू करूया. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि एकदम घटाघटा प्यायचंही नाही. चालताना-खेळताना ९ ते १२ वर्षांच्या मुलांनी दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर प्यावं. मोठ्या मुलांना अधिक लागतं, पण तासाला दीड लिटरच्या वर कुणीही जाऊ नये. अति पाण्याने रक्तातलं सोडियम घटतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशी उन्हाच्या त्रासासारखीच लक्षणं दिसतात. मग भीतीने आणखी पाणी पाजलं जातं आणि प्रकृती बिघडते. म्हणून जेवण चुकवायचं नाही. अंगाला लागणारं बरंचसं मीठ जेवणातूनच येतं.

मुलांना स्वतःची खूण द्या: लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. हे वर्गात मोकळेपणाने, हसू न आणता सांगितलं तर मुलं ते सहज स्वीकारतात आणि मनापासून पाळतात.

मग जोड्या लावा. प्रत्येकाला एक जोडीदार, शक्यतो त्याच्या ओळखीतला. जोडीदाराचं काम नुसतं ‘आहे का’ बघण्याचं नाही. नेहमी बडबड करणारा गप्प झालाय का, पाय ओढत चालतोय का, चेहरा लालबुंद किंवा पांढराफटक पडलाय का, विचारलेल्याचं उत्तर भलतंच देतोय का, हे बघायचं. ऊन बाधलेल्या माणसाला स्वतःला ते अनेकदा कळत नाही, कारण मेंदूच सुस्तावलेला असतो. मुलाची रोजची चालचर्या मित्राला जेवढी माहीत असते तेवढी शिक्षकालाही नसते. जोडीदाराची सूचना ही चुगली नाही, हे शिक्षकांनी आधी सांगायला हवं आणि पहिल्या सूचनेला दिलेल्या प्रतिसादातून दाखवायला हवं.

आता सर्वांत कठीण भाग: त्रास होतोय हे बोलून दाखवणं. मुलं ते लपवतात, कारण त्यांच्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल, मित्र हसतील, शिक्षक उद्याच्या कार्यक्रमाला नेणार नाहीत, अशी त्यांना भीती असते. ही भीती ‘काही झालं तर सांगा हं’ या वाक्याने जात नाही. तीन गोष्टींनी ती कमी होते. पहिली, थांबे आधीच ठरलेले असावेत, दर वीस-तीस मिनिटांनी, सगळ्यांसाठी. म्हणजे कुणा एकामुळे गट थांबत नाही. दुसरी, शब्दांशिवायची एक खूण ठरवा, उदाहरणार्थ डोक्यावर तळहात ठेवणं. लाजाळू मूल तेवढं नक्की करतं. तिसरी, विश्रांती घेतलेलं मूल बरं वाटल्यावर पुढच्या कार्यक्रमात परत येऊ शकतं हे स्पष्ट सांगा, आणि तसंच वागा. वर्गात याचा सराव घ्या. दोघांना पुढे बोलवा; एकाने त्रास होत असल्याचं सांगायचं, दुसऱ्याने शिक्षकांपर्यंत पोचवायचं. सरावात मुलं आधी हसतात. हसून झालं की लक्ष देऊन करतात.

‘चल, थोडंच राहिलंय, तू करू शकतोस’ हे एरवी उमेद देणारं वाक्य उन्हात कोणीही वापरू नये. सोबत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे सांगून ठेवा.

कपडे, सनस्क्रीन, डास

कपडे सैल, फिकट, लांब बाह्यांचे. घट्ट विणीचं कापड ऊन जास्त अडवतं. टोपीला सगळीकडून कड हवी. नुसत्या पुढच्या झापेने कान आणि मान भाजतात.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं असावं. ते अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यापेक्षा किती आणि कितीदा लावलं हे महत्त्वाचं. बाहेर पडण्याआधी पंधरा ते तीस मिनिटं भरपूर लावायचं, दर दोन तासांनी परत, आणि पोहून किंवा खूप घाम येऊन गेल्यावर लगेच. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू मुलं विसरतात. अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण हवंच. ११ पासून पुढे तो टोकाचा मानला जातो. नवं सनस्क्रीन आठवडाभर आधी हातावर लावून पाहायला सांगा, म्हणजे पुरळ उठलं तर घरीच कळेल.

डासांसाठीचं मलम सनस्क्रीननंतर लावायचं. डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस संध्याकाळनंतर. त्यामुळे नुसती मच्छरदाणी पुरत नाही.

ऊन हाच अभ्यासाचा विषय करा

ही तयारी मुलांना सूचनांचा भडिमार वाटू नये याचा मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तिलाच अभ्यास करणं. प्रत्येक गटाला एक थर्मामीटर द्या. सावलीत, उन्हात, डांबरी रस्त्याजवळ, झाडाखाली, गवतावर दिवसातून तीनदा तापमान मोजायला सांगा. दुसऱ्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून पंख्याने वारा घाला. कोरड्या आणि ओल्या तापमानातला फरक जितका कमी तितकी हवा दमट. ही मोजणी सहलीच्या आधी शाळेच्या आवारात करा आणि तिथे पोचल्यावर पुन्हा करा. ज्या मुलीने स्वतः सावली आणि डांबर यांच्यातला फरक वहीत लिहिलाय, तिला सावलीत उभं राहा असं सांगावं लागत नाही.

तिथली घरं, रस्ते, बाजाराच्या वेळा, माणसांचे कपडे आणि झाडांची पानं यांत उष्णतेला दिलेली उत्तरं शोधायला लावा. भिंती जाड का, खिडक्या लहान का, दुपारी दुकानं बंद का? प्रत्येक विद्यार्थ्याने निघण्याआधी स्वतःचे तीन प्रश्न लिहून आणावेत. कार्यपत्रकं थोडकी ठेवा आणि लिहिण्याचं काम दुपारच्या छपराखालच्या वेळेत. उन्हात उभं राहून लिहिणारं मूल धड बघतही नाही आणि धड लिहीतही नाही.

त्रास झालाच तर: याची तालीम निघण्याआधी

सोबत येणाऱ्या सर्व मोठ्यांना दोन अवस्थांमधला फरक पाठ असला पाहिजे.

पहिली, उष्णतेचा थकवा. भरपूर घाम, अशक्तपणा, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पण मूल भानावर आहे. त्याला सावलीत किंवा थंड खोलीत न्या, आडवं करून पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला आणि घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्या. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायचं. घट्ट केल्याने गुण वाढत नाही, उलट अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलिलिटरचा. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांकडे. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात नाही.

दुसरी, उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मूल बरळतं, गोंधळतं, तोल जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. त्वचा कोरडी असेलच असं नाही. धावपळीनंतरच्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. वागण्यातला बदल हीच खात्रीची खूण माना. ही जीवघेणी अवस्था आहे. एकाने रुग्णवाहिका बोलवायची, त्याच क्षणी बाकीच्यांनी थंड करायला सुरुवात करायची. मानेपर्यंत थंड पाण्यात बसवता आलं तर उत्तम, पण डोकं आणि खांदे कुणीतरी धरून ठेवलेच पाहिजेत. ते जमण्यासारखं नसेल तर अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. रुग्णवाहिका येण्याची वाट बघत थंड करणं थांबवू नका. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नव्हे, त्या गोळीचा इथे उपयोग होत नाही.

या सगळ्याची एकदा खरी तालीम घ्या. फोन कोण करणार, पाणी कोण आणणार, बाकीच्या मुलांना बाजूला कोण नेणार, पालकांना कोण कळवणार, हे नावानिशी ठरवा. मुक्कामाजवळचं रुग्णालय आणि आपत्कालीन क्रमांक प्रत्येक मोठ्याच्या खिशात कागदावर लिहिलेला असू द्या, कारण उन्हात तापून फोन बंद पडतात.

निघण्याचा दिवस आणि परतल्यावर

आदल्या रात्री मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून निघण्याची वेळ ठरवताना पालकांचाही विचार करा. बसमध्ये कुणालाही ‘पाच मिनिटं’ म्हणून मागे ठेवू नका. बंद वाहनातलं तापमान दहा मिनिटांत सुमारे ११ अंशांनी वाढू शकतं. म्हणून उतरताना डोकी मोजायची आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन पाहायचं. बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त वेळ उघड्या हवेत ठेवून खाऊ घालू नका.

परतल्यावर पालकांना एक चिठ्ठी द्या: पुढच्या काही आठवड्यांत मुलाला ताप आला तर डॉक्टरांना सहलीचं ठिकाण आणि तारखा आपणहून सांगाव्यात. मलेरियाची लक्षणं डास चावल्यापासून साधारण ७ ते ३० दिवसांनी दिसतात, कधी त्याहूनही उशिरा, आणि डॉक्टरांना प्रवासाची माहिती असली तर योग्य तपासणी पहिल्याच भेटीत होते.